वीज गेली तर सगळं घर गार करायचं की एक खोली?

प्रेषक: एक नवीन सभासद
विषय: उन्हाळ्यासाठी जनरेटर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मागच्या वादळात आमच्याकडची वीज बराच वेळ गेली होती. तेव्हा हवा बरी होती म्हणून निभावलं. आता उन्हाळा तोंडावर आलाय आणि आई-बाबा आमच्याकडे राहायला आलेत. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आईला उकाडा अजिबात सोसत नाही. 7 किलोवॅटचा जनरेटर बघून ठेवलाय. दुकानदार म्हणतो, त्यावर घरातला सेंट्रल एसी आरामात चालेल. एसी 3 टनाचा आहे, जुना. कुणी असं चालवतं का? घेऊन टाकू?

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उन्हाळ्यासाठी जनरेटर घ्यावा का?

"आरामात" एवढा एकच शब्द दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या आणि बघा सही करतो का!

एसीच्या बाहेरच्या युनिटवर धातूची पाटी असते, ती वाचा. तिच्यावर आर.एल.ए. आणि एल.आर.ए. असे दोन आकडे सापडतील. पहिला म्हणजे कॉम्प्रेसर सुरळीत चालू असतानाचा करंट. दुसरा म्हणजे थांबलेला कॉम्प्रेसर उचलतानाचा. 3 टनाच्या जुन्या धाटणीच्या एसीत पहिला साधारण 15 अँपिअर असतो आणि दुसरा 70-80. आता 75 अँपिअरला 240 व्होल्टने गुणा, 18 केव्हीए (किलोवॅटसारखंच भाराचं माप) होतात. हा झटका क्षणभराचाच, पण 7 किलोवॅटच्या जनरेटरला तेवढ्यात घाम फुटतो. इंजिनाचा सूर एकदम खाली बसतो, घरातले दिवे मंदावतात, कॉम्प्रेसर जागच्या जागी गुरगुरतो आणि मग खट्कन ब्रेकर पडतो. पुन्हा पुन्हा तसंच करत राहिलात तर एक दिवस कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळतं आणि वीज आली तरी एसी नसतो.

सॉफ्ट स्टार्टर नावाचं छोटं उपकरण बसवलं तर हा झटका निम्म्याहून कमी होतो, आणि मग 7 किलोवॅटवर तुमचा एसी चालूही शकेल. त्यामुळे चालणारच नाही असं मी म्हणत नाही. चालवायचा कशाला, हा माझा प्रश्न. वीज नसताना माणसं गार राहिली की झालं. जिना, कपाटं आणि रिकामी खोली गार करून कुणाचं भलं होणार?

एक खोली ठरवा. शक्यतो खालच्या मजल्यावरची, दुपारचं ऊन न लागणारी, दार नीट बंद होणारी. तिथे 5,000 ते 6,000 बीटीयूचा, म्हणजे साधारण अर्ध्या टनाचा, खिडकीतला एसी लावा. तो 450-500 वॅटवर चालतो आणि बेताच्या झोपायच्या खोलीला पुरतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा मिळाला तर उत्तम, कारण तो हळूहळू वेग घेतो आणि सुरुवातीचा झटका जवळजवळ नसतोच. एवढं काम 2 किलोवॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर करतो, वर फ्रिज आणि दोन पंखेही ओढतो. फक्त फ्रिजचा कॉम्प्रेसरसुद्धा सुरू होताना चालू भाराच्या कैक पट ओढतो, म्हणून एसी आणि फ्रिज एकदम लावू नका. एक स्थिरावला की दुसरा.

मोठ्या जनरेटरचं खरं दुखणं पेट्रोल हे आहे. साधा जनरेटर ठरलेल्या फेऱ्यांवरच फिरतो. 60 हर्ट्झला मिनिटाला 3600, 50 हर्ट्झला 3000. तुम्ही त्यावर एक दिवा लावा नाहीतर पाच उपकरणं, इंजिन तितकंच ओरडणार. 7 किलोवॅटचा निम्म्या भारावर तासाला 2-3 लिटर पितो. इन्व्हर्टर जातीचा छोटा जनरेटर भार कमी झाला की फेऱ्या कमी करतो आणि पाव भारावर 4 लिटरच्या आसपास पेट्रोलमध्ये 8 तास काढतो, म्हणजे झोप पुरी होते. शिवाय वीज नसली की पेट्रोल पंपही बंद असतात. ज्यांच्याकडे स्वतःचा जनरेटर आहे अशाच एखाद्या पंपावर रांग लागते. रोज 30 लिटर कुठून आणणार?

---

प्रेषक: एक जुना सभासद

नाना, तुम्ही तर त्या पोरालाच घाम फोडलात. साधा उपाय सांगतो: फ्रीजरमध्ये बर्फ करून ठेवायचा, परातीत घालायचा आणि मागून पंखा लावायचा. झाला एसी. पेट्रोल नको, आवाज नको.

---

प्रेषक: नाना

हिशोब करून बघू या. 1 किलो बर्फ वितळताना खोलीतली 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. परातीत 10 किलो घातलात तर 3,340. एक टनाचा एसी सेकंदाला साडेतीन किलोज्यूल बाहेर टाकतो, म्हणजे तुमच्या अख्ख्या परातीचं काम तो 16 मिनिटांत उरकतो. त्यात एक माणूस नुसता बसला तरी 100 वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तुम्ही चौघं परातीभोवती बसलात की संपलं. आणि 10 किलो बर्फ साठवणारा फ्रीजर वीज गेल्यावर उघडायचाच नसतो. भरलेला आणि बंद ठेवलेला फ्रीजर 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24. फ्रिज मात्र चारच तास. तो बर्फ आतल्या मालासाठी राहू द्या.

पाण्याचं तसं नाही. 1 लिटर पाणी वाफ होताना 2,400 किलोज्यूल नेतं, बर्फाच्या सात पट. म्हणून हातपाय, मान ओली करून पंख्याखाली बसणं हे परातीपेक्षा कितीतरी चांगलं. हवा कोरडी असेल तर कूलरही छान चालतो, 100-200 वॅटवर. पण त्याला खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. मुळातच दमट हवेच्या गावात कूलर घेऊ नये. घाम वाळायचा तो आणखी वाळेनासा होतो.

---

प्रेषक: डॉक्टर ताई

पंख्यावरून आठवलं म्हणून लिहिते. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की तो तुमच्यावर गरम हवाच फेकत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की 40 अंश सेल्सिअसच्या वर पंख्यावर विसंबू नये. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तर 32 अंशांपासूनच सावध करते. वय झालं की घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी खालचाच आकडा धरते. "मला काही उकडत नाहीये" हे ऐकून गप्प बसू नका. खोलीत थर्मामीटर टांगा आणि त्याचं ऐका.

नवीन सभासदांसाठी: बाबांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी पटकन कमी होतं. गोळी मनानं बंद करायची नाही, आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, चालताना झोक जायला लागला तर तो उष्माघात समजा. आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा.

आणि जनरेटरचं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही उन्हाची लक्षणं आहेत तशीच कार्बन मोनॉक्साइडचीही आहेत. घरात दोघा-तिघांना एकदमच असं व्हायला लागलं तर उन्हावर ढकलू नका, सगळे आधी घराबाहेर या. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बॅटरीवर चालणारा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच. तो नसेल तर माझ्या मते जनरेटर घेऊच नये.

---

प्रेषक: नाना

ताईंच्या मुद्द्याला जोडून. जनरेटर घरापासून किमान 6 मीटर लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, दार सताड उघडं असलं तरी नाही, पडवीतही नाही. पाऊस आला म्हणून आत ओढण्याचा मोह होतो, त्यासाठी वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या असा आडोसा आधीच करून ठेवा.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चाकांवरचा, एकच नळी खिडकीतून बाहेर सोडलेला पोर्टेबल एसी अनेकांकडे असतो. तो खोलीतलीच हवा कंडेन्सरवरून (एसीच्या उष्णता सोडणाऱ्या तापलेल्या नळ्यांवरून) फिरवून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी दारांच्या, खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. एक तर ती गरम, म्हणून हा एसी कागदावरच्या आकड्याइतका गारवा देत नाही. आणि जनरेटर खिडकीजवळ असेल तर तुम्ही पैसे मोजून विकत घेतलेल्या यंत्राने त्याचा धूर झोपायच्या खोलीत खेचत बसता. खिडकीतला नाहीतर स्प्लिट एसी असं करत नाही. पोर्टेबलच घ्यायचा असेल तर दोन नळ्यांचा घ्या.

अजून एक सांगतो आणि ते रागावून सांगतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडणारे महाभाग आहेत. तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो आणि तार जोडायला चढलेला माणूस मरतो. घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (घर एका वेळी एकतर बाहेरच्या विजेला नाहीतर जनरेटरलाच जोडू देणारी सोय), तेही परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून. एका खोलीपुरतं काम असेल तर याची गरजच पडत नाही, उपकरण सरळ वायरने जनरेटरला.

---

प्रेषक: एक सभासद, सातव्या मजल्यावरून

तुमचं सगळं अंगणवाल्यांचं चाललंय. आमच्या इमारतीत जनरेटरला बंदी आहे आणि 6 मीटर लांब ठेवायचा तर हवेत टांगावा लागेल. आम्ही काय करायचं?

---

प्रेषक: नाना

बाल्कनीत जनरेटर नाहीच, बंदी नसती तरी नाही. तुमच्यासाठी बॅटरी. 1 किलोवॅट-तासाचं पॉवर स्टेशन (म्हणजे सॉकेट असलेली उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) घेतलंत तर आतला तोटा वजा जाता 850 वॅट-तास हाती येतात. खिडकीतला छोटा एसी त्यावर पावणेदोन तास चालेल, मग अंधार. पण 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा लावलात तर 28 तास. साधा छताचा पंखा 75 वॅट खातो, म्हणजे 11 तास. लोक बॅटरी मोठी करत जातात आणि पंखा जुनाच ठेवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

वरच्या मजल्याला ऊन जास्त लागतं, तेव्हा काचेकडे आधी बघा. सरळ उन्हात प्रत्येक चौरस मीटर काचेतून काही शे वॅट उष्णता आत येते. आतल्या पडद्याने ती फारशी अडत नाही, कारण तोवर ती घरात शिरलेली असते. कापड, चिक, जाळी काय असेल ते काचेच्या बाहेरून लावा. दिवसा बाहेर जास्त तापलेलं असताना खिडक्या बंद, रात्री बाहेर उतरलं की समोरासमोरच्या उघड्या. तरीही खोली तापत राहिली तर घरात म्हातारं माणूस घेऊन तग धरायचा नाही. वीज असलेल्या कुणाकडे तरी जायचं.

अंगणवाल्यांनाही बॅटरीचा उपयोग आहे. संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर चालवून खोली आणि फ्रिज गार करून घ्या, त्याच वेळात बॅटरी चार्ज करा, आणि झोपताना जनरेटर बंद करून पंखा बॅटरीवर घ्या. शेजारीही दुवा देतील.

---

प्रेषक: कार्यवाह

मंडळाच्या कोठीत एक जनरेटर आहे, तो उन्हाळ्यात मिळेल का अशी विचारणा दोन घरांतून आली आहे. द्यायला हरकत नाही, पण तो गेल्या कार्यक्रमानंतर तसाच ठेवलाय आणि काल दोरी ओढून ओढून हात दुखले, चालू होत नाही.

---

प्रेषक: नाना

टाकीत पेट्रोल तसंच असणार. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसतो. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची वाटी काढून साफ करा. मी शनिवारी येतो, स्पॅनर आणतो. यापुढे नियम करू: ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं खरा भार लावून चालवायचा. नेणाऱ्याने अलार्मही सोबत न्यायचा, जनरेटरच्या हँडललाच बांधून ठेवा. आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका होतो.

---

प्रेषक: एक नवीन सभासद

सगळ्यांचे आभार. 7 किलोवॅटचा बेत रद्द. छोटा इन्व्हर्टर जनरेटर, खिडकीतला एसी आणि अलार्म असं ठरवतोय. खालची मागच्या बाजूची खोली आई-बाबांना आवडते, तीच घेऊ. एकच शंका राहिली. जनरेटर लांब ठेवायचा म्हणजे एक्स्टेन्शन वायर लागेल. घरात 15 मीटरची आहे, बारीक आहे जरा, दिव्यांच्या माळेला वापरतो ती. चालेल?

---

प्रेषक: नाना

नाही. माळेची माळेला राहू दे. बाहेर वापरायची, जाड तांब्याची, तिन्ही पिनांची घे. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून तापतो. रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून जमिनीवर सोड, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते. दाराखालून चेपून नेऊ नकोस, खिडकीच्या कोपऱ्यातून घे आणि उरलेली फट फोमने बुजव. पहिल्यांदा लावशील तेव्हा अर्ध्या तासाने वायरीवर आणि प्लगवर हात ठेवून बघ. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर बंद कर आणि मला फोन कर.