बिस्किटांची पिशवी: पाहुणचार की गळ?

शनवारातला
काल इथे एकानं लिहिलं की अमेरिकेतले ख्रिस्ती स्वयंसेवक खुनी-दरोडेखोरांसाठी घरून बिस्किटं भाजून नेतात, त्यांच्याशेजारी बसून जेवतात, आणि आपण दारात आलेल्याला पाणीही विचारत नाही. तेव्हा श्रद्धा आणि पाहुणचार त्यांच्याकडून शिका. खाली बदामांच्या इमोजींचा सडा. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

ज्याचं कौतुक चाललंय तो 'कायरोस' या ख्रिस्ती संस्थेचा तुरुंगातल्या शिबिराचा कार्यक्रम. १९७६ साली फ्लोरिडात रेफर्डच्या तुरुंगात सुरू झाला. साचा स्पेनमधल्या कॅथलिक 'कुर्सियो' शिबिरांचा. गुरुवारी संध्याकाळी बसतात, रविवारी उठतात. पूर्ण भरलं तर ४२ कैदी, टेबलाला सहा कैदी आणि तीन बाहेरचे. बाहेरच्यांची आधी कित्येक आठवडे तालीम होते. नाव फक्त पहिलं सांगायचं. गुन्हा विचारायचा नाही. उपदेश करायचा नाही. चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, कुणाच्या कँटीन खात्यात पैसे भरायचे नाहीत. म्हणजे भाबडेपणा नाही, शिस्त आहे. हे त्या बदामवाल्यांना माहीत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. ज्याच्या ताटात रोज तेच ते पडतं त्याच्यापुढे साडेतीन दिवस गोडधोड मांडायचं आणि त्याच टेबलावर देवाची गोष्ट काढायची, याला पाहुणचार म्हणू नका, हा गळ. पाहुण्याला उठून जाता आलं पाहिजे.

कॅम्पातली
उठून जाता येतं. नाव स्वतः द्यावं लागतं, कुठल्याही धर्माचा किंवा काहीच न मानणारा चालतो. चॅप्लेन, म्हणजे तुरुंगातला धर्मगुरू, निवड करतो तेव्हा गरीब गायी शोधत नाही. बराकीत ज्यांचा शब्द चालतो असे दादा लोक त्याला हवे असतात.

आणि तुमचा गळ तर बिस्किटांपाशीच तुटतो. ती ४२ जणांपुरती नसतात. शिबिराला न आलेल्या कैद्यांना जातात, पहारेकऱ्यांनाही जातात. वर प्रत्येकाला एक जादा पिशवी मिळते. ती स्वतः खायची नाही, ज्याच्याशी वैर आहे त्याला नेऊन द्यायची. ज्यांना क्षमा करायची त्यांची नावं विरघळणाऱ्या कागदावर लिहून पाण्याच्या भांड्यात सोडतात. काही क्षणांत कागदही जातो, अक्षरंही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत या सगळ्याला प्रीतिभोजनाचा, म्हणजे प्रेमानं एकत्र जेवण्याचा, जुना अर्थ आहे. बायबलातल्या 'इब्री लोकांस पत्रा'चा १३ वा अध्याय काढा: दुसऱ्या ओवीत अनोळख्याचा पाहुणचार, लगेच तिसरीत बंदिवान. शेजारी शेजारी.

रिकामटेकडा
'पाहुण्याला उठून जाता आलं पाहिजे.' ही सोय पुण्यात पूर्वापार आहे. बसायलाच सांगत नाहीत.

आकडेबहाद्दर
भावना बाजूला ठेवा. तुरुंगात श्रद्धा शिकवून माणूस सुधारतो याला लोक नेहमी टेक्सासच्या 'इनरचेंज' या तुरुंगातल्या ख्रिस्ती कार्यक्रमाचा २००३ चा अभ्यास दाखवतात. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी दोन वर्षांत फक्त ८ टक्के परत आत गेले, तुलनेच्या गटातले २०.३. टाळ्या. आता आतला हिशेब: शिरले १७७, 'पूर्ण केलेले' ७५. आणि पूर्ण केलं म्हणायला सुटल्यावर नोकरी टिकवलेली असणं ही अट होती! नोकरी टिकवणारा तसाही कमीच परत जातो. सगळे १७७ धरले तर आकडा २४.३, म्हणजे तुलनेच्या गटाहून वाईट. क्लासवाले पास झालेल्यांचेच फोटो फ्लेक्सवर लावतात, तसला प्रकार.

कायद्याचा कीस
त्याच इनरचेंजचं आयोवातलं प्रकरण वाचा. २००६ साली तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवलं, २००७ साली अपिलातही मुख्य मुद्दा टिकला. सरकारी पैसा धर्मशिक्षणाला जात होता हे कारण मोठं, पण निकालातला तपशील बघा: या कार्यक्रमातल्या कैद्यांच्या खोल्यांना लाकडी दारं होती, किल्ली त्यांच्याकडे होती, आणि संडासाला बाकीच्यांहून जास्त आडोसा होता. बायबल शिका, संडासाला आडोसा मिळवा. शनवारातला म्हणतायत तो गळ हाच.

कॅम्पातली
अहो, पण ती संस्था वेगळी! इनरचेंज 'प्रिझन फेलोशिप'चं, म्हणजे निक्सनच्या काळातल्या वॉटरगेट घोटाळ्यात आत जाऊन आलेल्या चार्ल्स कोल्सनचं. कायरोसच्या त्या शिबिरात कैद्याची खोली बदलत नाही, शिक्षा एका दिवसानं कमी होत नाही. सोमवारी त्याच बराकीत, त्याच पांघरुणात. ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकाच पोत्यात कोंबायचे, ही सवय सोडा आता.

कायद्याचा कीस
बरं, पोतं सोडलं. रागावू नका.

इंद्रायणीकाठ
परदेशाचे गोडवे पुरे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर १८ प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९९४ साली तिहारमध्ये हजारावर कैदी दहा दिवस विपश्यनेला बसले. बिस्किटाचा तुकडा न वाटता. यावर कुणी बदाम टाकत नाही.

कॅम्पातली
विनोबा स्वतः कैदी होते, दादा. घरच्या माणसाला पाहुणचाराचं श्रेय कसं देणार? आणि विपश्यनेत मौन पाळतात, कायरोसमध्ये तर सगळा भर समोरच्याला बोलू देण्यावर. 'ऐका, ऐका; प्रेम करा, प्रेम करा' हे त्यांचं ब्रीद. ऐकणं आधी.

इंद्रायणीकाठ
म्हणजे आपलं काहीच चांगलं नाही. कळलं.

भाऊबीज
कैद्यांचं चाललंय ते चालू द्या. तुरुंगाच्या दारात मुलाखतीसाठी कडेवर पोर घेऊन उभी राहणारी बाई कुणाची पाहुणी? कायरोसनं निदान कैद्यांच्या घरच्या बायकांसाठी वेगळं शिबिर काढलं, 'आउटसाइड' नावाचं. आपल्याकडे 'गळाभेट' आहे, पोरं आईबापांना जाळीशिवाय भेटतात. चांगलंच आहे. पण ती भेट संपल्यावर त्या पोराला बाहेर कोण भेटतं?

चुलीपुढं
मला साधा प्रश्न आहे. बिस्किटंच का? दिवाळीत आपण लाडू नेले तर?

कॅम्पातली
लाडू पहिल्याच दारात अडतो. तपासणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही, तो फोडणार, पुढे जातो तो चुरा. बिस्किट साधारण अडीच-तीन इंचांचं, चपटं, पारदर्शक पिशवीत डझनभर. न उघडता मोजता येतं. टीमागणिक नियम थोडे बदलतात, पण बेदाणे आणि सुकी फळं बहुतेक जागी बाद. फळ, साखर, पाणी आणि पावाचा तुकडा पिशवीत घालून उबेला ठेवला की चार दिवसांत दारू होते, हे कैद्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. वरून पिठीसाखर नको, पांढरी पूड कुठलीही असो, संशय येतो. आयसिंग नको, पिशवीला चिकटतं. फॉइल नको. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाहीत. वाफ धरली की डझनाचा एक गोळा होतो.

चुलीपुढं
मग करंजी?

रिकामटेकडा
बंद, पोकळ, कडा मुरडलेली. तस्करीसाठीच घडवलेला पदार्थ.

कायद्याचा कीस
हसा, पण कायदा ऐका. आपल्या तुरुंगांना ज्या १८९४ च्या कारागृह अधिनियमानं वळण लावलं, त्याच्या कलम ३१ प्रमाणे कच्च्या कैद्याला बाहेरचं अन्न तपासून मिळू शकतं. पण कलम ३२ म्हणतं, त्यातलं काहीही दुसऱ्या कैद्याला द्यायचं नाही. दिलंत तर बाहेरून अन्न घ्यायची सवलत अधीक्षक काढून घेणार. वैऱ्याला बिस्किट द्यायची ती जादा पिशवी या कलमात बसतच नाही. अर्धा लाडू वाटला तरी शिक्षा.

शनवारातला
हे माहीत नव्हतं. म्हणजे तिकडे वाटणं हाच कार्यक्रम आणि इकडे वाटणं हाच गुन्हा. ठीक आहे, कायरोसपुरता 'गळ' शब्द मागे घेतो. इनरचेंजपुरता ठेवतो. आणि कालच्या बदामवाल्यांनी एकेक बदाम मागे घ्यावा.

कॅम्पातली
अर्धीमुर्धी माफी पोचली. पिशवीत बसेल एवढीच आहे.

आकडेबहाद्दर
कायरोसचे तरी आकडे कुठे दिलेत कुणी?

चुलीपुढं
आकडे शोधा तुम्ही. शंकरपाळे चालतील का तेवढं सांगा.

कॅम्पातली
चपटे, कोरडे, पिशवीतून दिसणारे, कुठेही मोडून बघता येतात. त्या नियमांत बसतात. साखर पिठातच घाला, वरून भुरभुरवू नका. आणि पिशवीत मोजून भरा. मूठ-मूठ भरलेलं तपासणारा परत करतो.