रेझिन पडलं की पाइपवाली कंपनी घ्यायची, एवढं सोपं आहे का?

नवा_भिडू:
नमस्कार मंडळी. आजवर फक्त इंडेक्स फंडात पैसे टाकले, आता एखादं सेक्टर नीट समजून थोडे शेअर घ्यावेत म्हणतोय आणि डोक्यात पीव्हीसी बसलंय, कारण पाइप, खिडक्या, वायरचं कव्हर, रक्ताची पिशवी, जिकडे बघावं तिकडे तेच. माझा हिशोब साधा आहे. रेझिनचा (पीव्हीसी प्लास्टिकची पावडर, जिच्यापासून पाइप बनतो) भाव पडला की रेझिन बनवणाऱ्याला फटका, पण पाइपवाल्याचा कच्चा माल स्वस्त. मग भाव पडताना पाइपवाली घ्यायची, चढायला लागला की रेझिनवाली. कुठेतरी चुकतोय हे कळतंय, पण कुठे?

गोदाम_गणित:
हाच हिशोब करून मी तोंडावर आपटलोय म्हणून आधी मीच लिहितो. रेझिन घसरत होतं, मी खुशीत पाइपवाली घेतली (नाव नको), आणि तिमाहीचा रिझल्ट आला तर टनातली विक्री कमी आणि नफा तर निम्म्याहून खाली. झालं असं की गोदामातला माल जुन्या भावाचा. समजा रेझिन १०० ला घेतलं आणि त्याचा पाइप होऊन विकायला येईपर्यंत बाजारात ८८ झालं, तर डीलर पाइपचा भाव ८८ च्या हिशोबानेच मागणार, मधले १२ गेले तुमच्या खिशातून. त्यात डीलर आपल्यापेक्षा हुशार, भाव उतरतोय दिसलं की ऑर्डरच देत नाही, आहे तो माल संपवत बसतो. भाव तळाला जाऊन थांबला की सगळे एकदम भरायला धावतात आणि तेव्हा पाइपवाल्याची चांदी. पडता भाव घातक, पडून थांबलेला चालतो.

मीठ_आणि_वीज:
वरचं बरोबर. रेझिनवाल्याचं वेगळंच लफडं आहे. पीव्हीसीत वजनाने साधारण ५७ टक्के क्लोरीन असतं. ते मिठाच्या पाण्यात वीज सोडून काढतात आणि १ टन क्लोरीनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक सोडा निघतोच, हवा असो नसो. क्लोरीन काय साठवून ठेवायची वस्तू नाही, ते जिरवायला पीव्हीसी बरं पडतं. त्यामुळे कॉस्टिकला भाव असला की पीव्हीसीत काही सुटत नसलं तरी प्लांट चालूच राहतो आणि आपण बसतो विचार करत की एवढ्या मंदीत हे माल काढतायत कशाला. इथिलीन (पीव्हीसीचा दुसरा कच्चा माल, तेल किंवा गॅसपासून येतो) आणि पीव्हीसीच्या भावातला फरक, कॉस्टिकचा भाव आणि विजेचा खर्च, हे तिन्ही एकत्र बघा. जगातली सगळ्यात मोठी उत्पादक जपानची शिन-एत्सु, तिची उपकंपनी शिनटेक अमेरिकेत आहे कारण तिथे गॅसमधल्या इथेनपासून इथिलीन स्वस्त पडतं. चीनमध्ये बराच माल कोळसा आणि चुनखडीपासून कार्बाइड करून बनतो, म्हणजे तेल महागलं की बाकीचे रडतात आणि ते हसतात.

नवा_भिडू:
बापरे. मग रेझिन आणि पाइप दोन्ही करणारी कंपनी घेतली तर?

गोदाम_गणित:
थोडी बरी, पण चक्रातून सुटका नाही. आणि अशा शेअरचा पी/ई (शेअरचा भाव त्याच्या नफ्याच्या किती पट) उलटा वाचायचा. २०२१ ला अमेरिकेत आधी टेक्सासची थंडी मग आयडा वादळ, प्लांट बंद, पीव्हीसी आभाळाला. नफा फुगला की पी/ई एकदम स्वस्त दिसतो आणि नवखे तिथेच अडकतात. २०२२ ला चीनचं बांधकाम बसलं आणि भाव कोसळला. नफा दिसेनासा झाला की पी/ई भयंकर दिसतो, खरेदीचा विचार खरं तर तेव्हा.

सावध_पाऊल:
एक राहिलं. व्हिनाइल क्लोराइडने (पीव्हीसी ज्यापासून बनतं तो वायू) कॅन्सर होतो, १९७४ लाच कामगारांच्या लिव्हरच्या कॅन्सरवरून ते उघड झालं. २०२३ ला ओहायोत रेल्वे घसरली तेव्हा तेच मुद्दाम जाळलं होतं. कार्बाइडवाल्यांच्या कॅटॅलिस्टमध्ये पारा असतो, त्यावर मिनामाता कराराचा (पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार) दबाव आहे. पाइपवाल्याला यातलं फारसं काही लागत नाही, पण प्लांटवाली कंपनी घेणार असाल तर अ‍ॅन्युअल रिपोर्टमधलं कोर्टकचेरीचं पान आधी वाचा, चेअरमनचं पत्र मग.

नवा_भिडू:
आत्ताच बघितलं, मी ठरवलेल्या पाइपवालीच्या गोदामात ७८ दिवसांचा माल आहे आणि रेझिन अजून उतरतंय. थांबतो बुवा.