आयर्लंडमधले वाडे, किल्ले आणि बागा: कुठे जायचं, काय सोडायचं

आत्या: अगं, टूरवाल्यांनी कार्यक्रम पाठवलाय. सकाळी डब्लिनहून निघून एका दिवसात पॉवर्सकोर्टची बाग, रसबरोचा वाडा आणि किल्केनीचा किल्ला. जमेल का गं? काकांना किल्ले हवेत, मला बागा.

वहिनी (डब्लिन): आत्या, जमेल, पण सगळा दिवस बसमध्ये जाईल. एकट्या पॉवर्सकोर्टची बाग 47 एकर आहे. घरासमोरून टप्प्याटप्प्याने खाली उतरत जायचं, तळाशी ट्रायटन या सागरदेवाचं तळं आणि मागे शुगरलोफचा सुळका. बाजूला 1908 मध्ये केलेली जपानी बाग. अर्धा दिवस तिथेच द्या. वाडा 1974 च्या आगीत आतून जळाला, आता तिथे दुकानं आणि कॅफे आहे, त्यामुळे आतल्या दालनांच्या आशेने जाऊ नका. 121 मीटरचा धबधबा बागेत नाही, काही किलोमीटरवर आहे. तिकीटही वेगळं.

काका: किल्केनी तरी ठेवा. बटलर घराण्याने तो किल्ला 50 पौंडांना देऊन टाकला असं वाचलं. खरं का?

दादा: खरं आहे, काका. 1391 पासून त्यांच्याकडे होता. खर्च झेपेना तेव्हा 1935 मध्ये सामानाचा लिलाव करून ते निघून गेले आणि 1967 मध्ये किल्ला गावच्या समितीला 50 पौंडांत दिला. आता सरकारकडे आहे, आतून छान राखलाय.

ताई: एवढे श्रीमंत लोक, मग सगळ्यांवरच अशी वेळ का आली?

वहिनी (डब्लिन): कारण वाडे उभे होते कुळांच्या खंडावर. 1903 च्या कायद्यानंतर कुळांनी सरकारी कर्ज घेऊन जमिनी विकत घेतल्या आणि जमीनदारांचा खंड आटला. पुढे स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवीत, 1920 ते 1923 च्या दरम्यान, पावणेतीनशेच्या आसपास वाडे जाळले गेले. म्हणून माझा आग्रह आहे, एक दिवस रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनला द्याच. तिथे वाडा आहे, भिंतींच्या आतली बाग आहे आणि त्याच आवारात दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एकाच फाटकातून आत गेलं की दोन्ही बाजू कळतात.

आत्या: दुष्काळ म्हणजे तो बटाट्याचा?

वहिनी (डब्लिन): हो, बटाट्याचं पीक कुजलं तो, 1845 पासूनचा. वाड्याचा मालक मेजर डेनिस मॅहन. मे 1847 मध्ये त्याच्या 1490 कुळांना चालत डब्लिनला पाठवलं, तिथून लिव्हरपूल आणि पुढे जहाजाने कॅनडा. कितीतरी जण वाटेतच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅहनला गोळी घालून मारलं. ती 165 किलोमीटरची वाट आता पदयात्रेचा मार्ग म्हणून आखली आहे, बरीचशी रॉयल कॅनॉल या कालव्याच्या काठाने जाते.
आणि स्वयंपाकघर नीट बघा, आत्या. वर लाकडी सज्जा आहे. बाईसाहेब खाली पाय न ठेवता सज्जावरून आठवड्याच्या जेवणाची यादी टाकायच्या, असं गाइड सांगतात. नोकरांची ये-जा दिसू नये म्हणून वेगळं भुयार काढलंय. मी तिथे उभी राहिले तेव्हा बाहेरची ती सगळी कुळं डोळ्यांपुढे आली.

आत्या: मग हे बघायलाच हवं. टूरवाल्यांच्या यादीत नावही नाही याचं.

दादा: काका, तुमच्यासाठी ट्रिम. आयर्लंडमधला सर्वांत मोठा नॉर्मन किल्ला, मधला बुरूज वीस कोपऱ्यांचा. आणि जवळच डँगनचा वाडा, जिथे आर्थर वेलस्लीचं लहानपण गेलं. 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. डँगनच्या आता नुसत्या भिंती उरल्यात. ट्रिम गावात त्याचा स्तंभ आहे.

काका: असई जालन्याकडे. मी ते रणांगण पाहिलंय. ट्रिम नक्की.

ताई: छोट्याला काय दाखवायचं? त्याला बागेत कंटाळा येतो.

दादा: त्याला ‘बर’ नावाच्या गावी न्या. तिथल्या किल्ल्याच्या बागेत तिसऱ्या अर्ल ऑफ रॉस या सरदाराने बांधलेली दुर्बीण आहे. आरसा 72 इंची, म्हणजे 1.83 मीटर. 1845 मध्ये तिच्यातूनच त्याला एका दीर्घिकेचा भोवऱ्यासारखा आकार पहिल्यांदा दिसला. 1917 पर्यंत एवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती.

आत्या: आणि माझं ऱ्होडोडेंड्रॉनचं फुलझाड? किलार्नीला डोंगर जांभळे होतात म्हणे.

वहिनी (डब्लिन): मे-जूनमध्ये होतात. मक्रॉस हाउसच्या बागेत डोळे भरून बघा. पण तीच जांभळी जात रानात शिरली आणि तिच्या दाट सावलीत ओकची रोपं तगत नाहीत, म्हणून राष्ट्रीय उद्यानात ती उपटून काढतात. किलार्नीला मात्र मुक्काम करा, डब्लिनहून एका दिवसात दमछाक होईल.

दादा: तिकिटांचं सांगतो. सरकारी हेरिटेज कार्ड, म्हणजे सरकारी स्थळांचा एकत्र पास, किल्केनी आणि ट्रिमला चालतं. पॉवर्सकोर्ट, ‘बर’, स्ट्रोक्सटाउनला चालत नाही. आणि काका, ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणून गाफील राहू नका. त्यावर बीआयव्हीएस, म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद असेल तरच इकडे चालतो, तेही आधी ब्रिटनमध्ये उतरून आलात तर. नाहीतर आयर्लंडचा वेगळा काढावा लागेल.

काका: पासपोर्ट कपाटातून काढतो, बघून सांगतो.

आत्या: टूरवाल्यांना मी ‘नाही’ असं कळवते. तू स्ट्रोक्सटाउन आधी ठेव गं, पॉवर्सकोर्ट दुसऱ्या दिवशी. ट्रिम काकांच्या सोयीने.