हर्नियाची जाळी: महागातलीच घ्यायची का?

धंतोली_पायदळ: बाबांच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. दुर्बिणीचं नाही, ओपन. काल काउंटरवर एस्टिमेट मिळालं, त्यात जाळीचे (कमजोर जागेला आधार म्हणून आत बसवतात ती) तीन दर: साधी, लाइटवेट, कॉम्पोझिट. तिसऱ्याला पेनानं गोल करून ठेवलेला! मी म्हणतो, जन्मभर आत राहणाऱ्या वस्तूत घासाघीस काऊन करायची? बाबा म्हणतात, संत्र्याच्या पोत्याची जाळी लाव, पण पैसे वाचव.

ओटी_रात्रपाळी: बाबांचं ऐका भाऊ. कॉम्पोझिटला एका बाजूनं लेप असतो, आतडं चिकटू नये म्हणून. ती पोटाच्या आत, आतड्याला लागून बसवायची असेल तेव्हा कामाची. जांघेच्या ओपन ऑपरेशनमध्ये जाळी स्नायूंच्या थरात बसते, आतड्याशी तिची गाठच पडत नाही. तो गोल कशासाठी, हे सर्जनलाच विचारा.

दोनदा_टाके: मग निदान लाइटवेट घ्या. माझी जाड होती. दोन वर्षं झाली, गाडीला किक मारताना आत पुठ्ठा दुमडल्यासारखं वाटते. ज्याच्या जांघेत आहे त्याला विचारा ना राजेहो!

ओटी_रात्रपाळी: त्रास खरा आहे, पण दोष सगळा वजनाचा नाही. लाइटवेट म्हणजे चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅमपेक्षा कमी, भोकं मोठी. पहिले काही दिवस दुखणं थोडं कमी, हे मान्य. पण जुनाट दुखणं किंवा हर्निया परत येणं यात लांब पल्ल्याचा फायदा दिसलेला नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही म्हणतात, नुसत्या वजनावर जाळी निवडू नका. टाक्यात संवेदनेची नस अडकली तर कितीही हलकी जाळी लावा, दुखणारच.

दोनदा_टाके: "थोडं कमी" तुमच्यासाठी थोडं, साहेब. आम्हाले ते दिवस काढा लागते.

वऱ्हाडी_ठेचा: पोत्यावरून आठवलं. आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला लावत. हसू नका. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी छापून आली: वर्षभरात मच्छरदाणीच्या स्वस्त जाळीत हर्निया परत आला एकाला, कंपनीच्या जाळीत कोणालाच नाही. बाकी सारखंच.

धंतोली_पायदळ: म्हणून काय सीताबर्डीवरून मच्छरदाणी आणू?

वऱ्हाडी_ठेचा: घरी कापायची नाही बाप्पा! एवढंच सांगून राहिलो की जाळीपेक्षा बसवणारा हात पाहा. वर्षाला किती हर्निया करता, हे विचारा.

धंतोली_पायदळ: विचारलं. सर्जन म्हणाले, "मी साधीच वापरतो, तिसरी कोणी लिहिली?" काउंटरवरच्या मुलीनं काही न बोलता नवा कागद काढला. बाबा तेव्हापासून घरात छाती काढून फिरून राहिले. लाइटवेटचं मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलं नाही.