मदत हवी: जीसॉकचा पॅच तीन आठवडे पडून, मंगळवारी मुदत संपतेय

कृष्णाकाठ
नमस्कार. जीसॉक म्हणजे गूगल समर ऑफ कोड, ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) प्रकल्पांत नवख्यांना मानधन देऊन काम देणारा कार्यक्रम. त्यासाठी एका संस्थेच्या प्रकल्पात तीन आठवड्यांपूर्वी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, टाकला, अजून कोणी बघितलेलाही नाही. मेंटरना दोन मेल केले, उत्तर नाही. मंगळवारी रात्री साडेअकराला प्रपोजलची मुदत संपते आणि माझं मर्ज झालेलं (मूळ कोडमध्ये घेतलेलं) एकही काम नाही. दुसरी संस्था धरू का? इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हीच शेवटची संधी. लवकर सांगा प्लीज.

पेठकर
कुठली संस्था? पॅच कशाचा? इश्यू (प्रकल्पात नोंदवलेली अडचण) तुला असाइन झाला होता का? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस, सांगणार काय?

सदाफुली
जीसॉकच्याच मागे कशाला लागायचं? लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स या मेंटरशिप कार्यक्रमाची वर्षात तीन सत्रं असतात, माझं तिथेच झालं. आउटरीची हा इंटर्नशिपचा कार्यक्रमपण बघ, ७,००० डॉलर देतात.

पेठकर
सदाफुलीताई, चार दिवस उरलेत तिच्याकडे. आउटरीचीच्या मे सत्राचे पहिले अर्ज हिवाळ्यातच होऊन जातात, आणि डिसेंबरचं सत्र आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांना चालत नाही. आत्ता नवी दारं दाखवू नका.

जुना_पिंपळ
मला हे कार्यक्रमांच्या मागे धावणंच पटत नाही. रोज जे वापरतो त्यातलं खटकणारं दुरुस्त करावं. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कितीतरी ठिकाणी दुसरा शब्द टाइप केला की अर्धा र मोडतो. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढतात, तो फॉन्टमध्ये असला तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितलं तरच दिसतो. ही कामं आपण नाही तर कोण करणार?

वाळवंटी
पिंपळकाका, र्‍याबद्दल वेगळा धागा काढा, मी येतो. कृष्णाकाठ, जीसॉकचे पैसे पेयोनियर या पेमेंट सेवेवरून येतात, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव सारखं ठेव. माझे त्यातच अडकले होते.

पेठकर
निवड झाली तर पैशाचं बघता येईल हो! आणि कृष्णाकाठ, शेवटची संधी वगैरे काही नाही. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटच काढलीय. अठरा पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखी, एवढं पुरतं.

कृष्णाकाठ
हे माहीत नव्हतं. संस्थेचं नाव व्यनि केलंय. इश्यू नवख्यांसाठीचा होता, मी ‘करू का’ विचारलं आणि सुरू केलं. तीन कमिट (नोंदवलेले बदल) आहेत. खाली एक लाल फुली आहे पण ती कोडची नाही, डीसीओ असं काहीतरी आहे.

पेठकर
अगं, तीच तर गोम आहे! फुली लाल असेपर्यंत बरेच मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) पॅच उघडतच नाहीत. ‘हे काम माझं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे’ अशी डीसीओची सही प्रत्येक कमिटच्या शेवटी लागते. लिनक्स कर्नलने २००४ साली ही पद्धत आणली, मग इतरांनी उचलली. रिबेस करताना (कमिट पुन्हा रचताना) साइनऑफचा, म्हणजे सहीचा, पर्याय दे आणि त्याच ब्रँचवर फोर्स पुश कर, म्हणजे जुन्या कमिटच्या जागी नवे जातील. आधी प्रत्येक कमिटचं नाव आणि ईमेल तपास.

सदाफुली
त्यापेक्षा ती बंद करून नवीन पुल रिक्वेस्ट (पॅच घेण्याची विनंती) टाक. रिबेसमध्ये नवखी माणसं हमखास गोंधळतात.

पेठकर
अजिबात नको. नवीन टाकली की परत रांगेच्या शेवटी. रिबेसआधी बॅकअप ब्रँच काढ, मग बिघडलं तरी काही जात नाही.

कृष्णाकाठ
झालं! मधला कमिट कॉलेजच्या लॅबमधून केला होता, त्यावर माझ्याऐवजी ‘स्टुडंट१४’ असं नाव होतं. आधी ते बदललं, मग सही. डीसीओ हिरवं झालं. पण बाकीच्या चाचण्या ‘मंजुरीची वाट’ दाखवतायत.

पेठकर
पहिल्यांदा येणाऱ्याच्या चाचण्या मेंटेनरने बटण दाबल्याशिवाय चालत नाहीत. खासगी मेल बंद कर. प्रकल्पाच्या सार्वजनिक चॅनेलवर दोन ओळी लिही: काय दुरुस्त केलं, मंजुरी हवी. आणि मर्जची वाट बघत प्रपोजल अडवू नकोस. बऱ्याच संस्थांना चालू पॅचही चालतो. पीडीएफ आजच चढव, मुदतीपर्यंत बदलता येते.

कृष्णाकाठ
पीडीएफ चढवली. चॅनेलवर लिहिल्यावर वीस मिनिटांत मेंटेनरचं उत्तर आलं! चाचण्या सुरू केल्या आणि म्हणाले, या दुरुस्तीसाठी एक टेस्ट जोड. पायटेस्ट (पायथन कोडची चाचणी) मी कधीच लिहिलेली नाही. कोणी जागं आहे का?

जुना_पिंपळ
मी आहे. फाइल पाठव.