शब्दचर्चा : अभ्यासक्रम, पाठ्यक्रम, पाठ्यचर्या

पाटीपेन्सिल :
शिक्षकांच्या एका त्रैमासिकासाठी इंग्रजी लेख मराठीत करतेय. विषय शालेय अभ्यासक्रम कसा घडवतात, त्यामागचे सिद्धांत वगैरे. पहिल्याच परिच्छेदात गाडी रुतली. मूळ लेखात करिक्युलम, सिलॅबस आणि कोर्स असे तीन शब्द आहेत आणि लेखकाचा सगळा मुद्दाच त्या फरकावर उभा आहे. मी सवयीनं तिन्ही ठिकाणी 'अभ्यासक्रम' लिहून मोकळी झाले! आपण 'राज्य अभ्यासक्रम आराखडा' म्हणतो, 'दहावीचा अभ्यासक्रम बदलला' म्हणतो आणि 'पत्रकारितेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम'ही म्हणतो. हिंदीतला 'पाठ्यचर्या' उचलू का?

नागपूरकर :
नका उचलू. हिंदीत सोय आहे हे खरं. 2005 च्या राष्ट्रीय दस्तऐवजाला ते 'राष्ट्रीय पाठ्यचर्या की रूपरेखा' म्हणतात आणि सिलॅबसला 'पाठ्यक्रम'. आपण त्याच दस्तऐवजाला 'राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा' म्हणतो. पण मराठी माणसाला चर्या म्हटलं की आधी चेहरा आठवतो. दिनचर्या आहे आपल्याकडे, नाही असं नाही, तरी 'पाठ्यचर्या' वाचून मला तरी परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पोराचं तोंडच दिसतं.

खडूफळा :
आमच्या बी.एड.च्या वेळी हे वर्गात घोटून घेतलं होतं, ते असं. अभ्यासक्रम मोठा : मूल शाळेत कशासाठी येतं, त्याला कोणते अनुभव द्यायचे, ते कशाच्या आधी कशाच्या नंतर, आणि साधलं की नाही हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यात. पाठ्यक्रम म्हणजे त्यातल्या एका विषयाची, एका इयत्तेची घटकवार यादी, तासिका आणि गुणभारासकट. पाठ्यपुस्तक हे त्या यादीचं एक साधन, फक्त एक.

वरचे चार प्रश्न अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलरचे, 1949 च्या छोट्याशा पुस्तकातले. आपल्या पाठटाचणात, म्हणजे शिक्षक तासाआधी लिहितात त्या आखणीत, उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, मूल्यमापन असे जे रकाने असतात ना, त्यांचं मूळ पुष्कळसं तिथं आहे. 'विद्यार्थी आठवतो, विद्यार्थी फरक सांगतो' अशी स्पष्टीकरणे लिहून लिहून बोटं दुखली, पण हा रकाना आला कुठून हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. त्याच्याही आधी, 1918 मध्ये, फ्रँकलिन बॉबिट या दुसऱ्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं मोठ्या माणसांच्या कामांची छाननी करून त्यावरून शाळेत काय शिकवायचं ते ठरवा म्हटलं होतं. कारखान्याच्या शिस्तीचा माणूस.

फरक पुस्तकी वाटत असेल तर जुलै 2020 आठवा. करोनात शाळा बंद, आणि बातमी आली : 'अभ्यासक्रमात 25 टक्के कपात'. कपात कशात झाली? काही पाठ, काही घटक वगळले. म्हणजे पाठ्यक्रमात. मुलाला विचार करता यावा, आकडेमोड यावी, दुसऱ्याचं ऐकून घेता यावं, यातलं 25 टक्के कोण कसं वगळणार? शब्द एकच असला की यादी छाटली म्हणजे अभ्यासक्रम हलका झाला असं आपल्याला वाटतं. शाळकरी मुलांवरच्या ओझ्याचा विचार करायला केंद्र सरकारनं नेमलेल्या यशपाल समितीनं 1993 मध्येच सांगून ठेवलंय की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त वाईट. घटक कमी केल्यानं ते ओझं आपोआप उतरत नाही.

चिकित्सक :
थोडं व्युत्पत्तीचं. करिक्युलमच्या मागे लॅटिनमधला धावण्याचा धातू आहे. मूळ अर्थ धाव, शर्यत. ग्लासगो विद्यापीठाच्या कागदपत्रांत 1633 साली तो शिक्षणाच्या अर्थानं सापडतो. 'क्रम' हा चालण्याचा, पाऊल टाकण्याचा. ते पळतात, आपण चालतो, एवढाच फरक! 1970 च्या दशकात अमेरिकन अभ्यासक्रम-अभ्यासक विल्यम पायनार यांनी त्या लॅटिन क्रियापदावरच बोट ठेवलं : मैदान कसं आखलंय यापेक्षा धावणाऱ्याला धावताना काय होतं ते पाहा.

'अभ्यास' त्याहून गमतीचा. संस्कृतात पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात तर द्वित्त झालेल्या, म्हणजे दोनदा उच्चारलेल्या, धातूच्या पहिल्या भागाची ती संज्ञाच आहे. हिंदीत अजून सराव, म्हणून 'युद्धाभ्यास'. मराठीत मात्र 'अभ्यासाला बस' म्हणजे पुस्तक उघड. तरीही 'पाठ्य'पेक्षा 'अभ्यास' मोठाच, कारण पाठ हा पठणातून आलाय. मोठ्या अर्थाला अभ्यासक्रम आणि यादीला पाठ्यक्रम ही खडूफळांची वाटणी शब्दांच्या अंगानंही बसते.

पाटीपेन्सिल :
पटलं. कोर्सला मग 'कोर्स'च ठेवते, वाचक शिक्षक आहेत. आता पुढचे दोन अडथळे : 'हिडन करिक्युलम' आणि 'स्पायरल करिक्युलम'.

खडूफळा :
पहिल्याला पुस्तकांत 'छुपा' मिळेल, 'सुप्त'ही मिळेल. फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं 1968 मध्ये तो शब्द वापरला तेव्हा रांगेत थांबणं, गर्दीत राहणं, सतत कोणीतरी आपल्याला जोखतंय हे सोसणं, असल्या गोष्टी त्याच्यासमोर होत्या. कुठल्याही पाठ्यक्रमात नसलेल्या, पण मूल रोज शिकतं त्या. शाळेत पाहुणे आले की बाक उचलायला मुलगे आणि औक्षणाला मुली, हाही धडाच की.

नागपूरकर :
'छुपा' नको. कोणीतरी मुद्दाम लपवलाय असा वास येतो त्याला. 'सुप्त' बरा.

चिकित्सक :
सुप्त कसा? तो तर टक्क जागा असतो. 'अलिखित' घ्या.

पाटीपेन्सिल :
अलिखित! झालं, घेतला. आणि स्पायरल? 'सर्पिल' लिहिलं तर मुलीनं विचारलं, शाळेत साप कुठून आला. 'चक्राकार' कसा वाटतो?

चिकित्सक :
चक्राकारानं घात होईल. चाक फिरून त्याच जागी येतं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनरची 1960 ची कल्पना अशी की तोच विषय पुन्हा भेटतो, पण दरवेळी वरच्या पायरीवर. अर्धी भाकरी, पाव भाकरी पहिली-दुसरीत, मग अपूर्णांक, आठवीत परिमेय-अपरिमेय संख्या. आपल्याकडे मळसूत्र, म्हणजे स्क्रू, हा शब्द पडून आहे. फिरतं आणि वरही चढतं. 'मळसूत्री अभ्यासक्रम' म्हणा.

नागपूरकर :
वा! सुताराला कळेल. बी.एड.वाल्याला तळटीप द्यावी लागेल.

जाता जाता एक इशारा. 'अभ्यासक्रम संशोधन' लिहाल तेव्हा जपून. बालभारतीचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ', 1967 पासून. आपल्याला त्यात 'रिसर्च' दिसतो. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपली घटनादुरुस्ती तिकडे 'संविधान संशोधन'. माझ्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना वाटायचं, पुण्यात पाठ्यक्रमाच्या चुका सुधारणारं एक खास कार्यालय आहे.

खडूफळा :
शेजारी अगदीच चुकले म्हणवत नाही.

पाटीपेन्सिल :
हे संपादकांना सांगत नाही! पण एक राहिलंच. लेखात एक शिक्षिका म्हणते, 'सिलॅबस संपला, आता शिकवते.' तिथं 'पाठ्यक्रम संपला' लिहिलं तर कोणी खरीखुरी बाई असं बोलते का?

खडूफळा :
नाही. 'पोर्शन संपला' लिहा.