मुंबईहून गोकर्ण, सोबत सासू-सासरे: कोकणातून जावे की घाटावरून?

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत दादरहून गोकर्णाला स्वतःच्या मोटारीने जाण्याचे आमच्या घरी ठरले आहे, परंतु कोणत्या रस्त्याने जावे यावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत. ज्यांनी अलीकडच्या काळात, विशेषतः वयस्कर माणसांना घेऊन, या रस्त्यांनी प्रवास केला असेल त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही सहा जण आहोत: सासरे (वय ७६), सासूबाई (७१), आम्ही उभयता, आठवीतली मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. गाडी सात आसनी, डिझेलवर चालणारी आहे आणि ती मी व माझे यजमान आळीपाळीने चालवतो. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना दीड-दोन तासांपेक्षा अधिक वेळ एका जागी बसवत नाही. शिवाय वाटेत स्वच्छ आणि कमोड असलेले स्वच्छतागृह मिळणे ही त्यांच्यासाठी सोय नसून गरज आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यामुळे जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. मुलाला घाटात गाडी लागते. सासऱ्यांची एकच इच्छा आहे, ती म्हणजे सोमवारी सकाळी गोकर्णाच्या महाबळेश्वर मंदिरात शंकराला अभिषेक करावा. त्यासाठी शनिवारी पहाटे निघून, वाटेत एक मुक्काम करून, रविवारी दुपारपर्यंत गोकर्णाला पोहोचावे असा विचार आहे.

यजमानांचा कल कोकणाकडे आहे. अटल सेतूने पनवेलकडे उतरायचे, मग पेण, माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, कुडाळ करत बांद्याला पोहोचायचे आणि गोवा ओलांडून कारवार, अंकोला व गोकर्ण, असा हा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जवळजवळ दारापर्यंत नेतो. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाचा त्रास वाचतो हे खरे आहे. तथापि गणपतीत आम्ही गावी गेलो तेव्हा माणगावच्या बाजारपेठेत आणि संगमेश्वर ते हातखंबा या टप्प्यात जे हाल झाले ते सासूबाई अद्याप विसरलेल्या नाहीत. ज्या महामार्गाचे काम मुले प्राथमिक शाळेत असताना सुरू झाले आणि ती नोकरीला लागली तरी चालूच राहिले, त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखावे का, हा माझा प्रश्न आहे. त्यात नाताळ म्हणजे अर्धी मुंबई गोव्याला निघालेली असणार.

माझे मत घाटावरून जाण्याचे आहे: पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, आणि तेथून कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट उतरून अंकोला. नकाशावर दोन्ही मार्ग सातशे किलोमीटरच्या थोडे पुढेमागे दिसतात, त्यामुळे अंतराच्या आधारे निर्णय होत नाही. हुबळीच्या पुढचा रस्ता मात्र आम्हा दोघांनाही पूर्णतः अपरिचित आहे. तो एकेरी आहे की दुपदरी, घाट किती वळणांचा आहे, आणि हुबळी सोडल्यावर अंकोल्यापर्यंत सासूबाईंसाठी थांबण्याजोगे ठिकाण आहे की नाही, हे कोणी सांगू शकेल का? मुक्काम कोल्हापूरला करावा की बेळगावला? तसेच १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गावर दरड कोसळून झालेल्या दुर्घटनेनंतर सासरे त्या पट्ट्याविषयी साशंक आहेत; डिसेंबरमध्ये तेथून जाण्यात काही अडचण आहे का?

रेल्वेने जाण्याचा विचार करून झाला आहे. मुर्डेश्वर आणि इडगुंजी ही पुढची देवस्थानेही करायची असल्याने हाताशी गाडी हवी.

पहिला प्रतिसाद

ताई, जाताना घाटावरूनच जा. गेली अनेक वर्षे कामानिमित्त हुबळीपर्यंत माझे जाणे-येणे असते आणि अंकोल्याचा रस्ताही परिचयाचा आहे. शनिवारी पहाटे चारच्या आत दादर सोडा, कारण नाताळच्या शनिवारी उजाडल्यानंतर बोरघाटात जी रांग लागते तीत दोन तास सहज जातात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो; तेथील जुना बोगदा परतीच्या वाहतुकीसाठी आहे. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामे आणि कराडजवळची वळवलेली वाहतूक यांमुळे वेग कमी होईल, पण उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांची ददात नाही. सासूबाईंच्या दृष्टीने हाच या रस्त्याचा मोठा गुण आहे.

मुक्कामाबद्दल स्पष्ट सांगतो. दादर ते कोल्हापूर सुमारे पावणेचारशे किलोमीटर होतात आणि तेथून गोकर्णही जवळजवळ तेवढेच उरते, म्हणून प्रवास बरोबर निम्मा होतो. परंतु नाताळात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे कोल्हापूर शहरात खोल्या मिळणे कठीण होते. तेव्हा महामार्गालगतची खोली आत्ताच आरक्षित करा आणि शहरात शिरूच नका. सासूबाईंना झेपत असेल तर बेळगाव गाठणे अधिक बरे, कारण मग दुसऱ्या दिवशी अडीचशेच्या आसपासच अंतर राहते आणि घाट दुपारच्या आत उतरून होतो.

हुबळीपासून पुढचा रस्ता मुख्यतः दुपदरी आहे, दुभाजक नाही, आणि त्यावर अवजड ट्रक पुष्कळ असतात. कलघटगीनंतर जंगल लागते. म्हणून हुबळीत एकदा आणि यल्लापुरात एकदा असे ठरवून थांबा. यल्लापूर सोडल्यावर अंकोल्यापर्यंत भरवशाचे ठिकाण समजू नका. अरबैल घाट रुंद आहे, वळणे जीवघेणी नाहीत, पण ट्रकांच्या मागे संथपणे उतरावे लागते. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी हा संथपणा वाईट नाही. रात्री मात्र हा घाट टाळा.

एक व्यावहारिक गोष्ट: १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत), २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना लागू आहे; मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, तेथे नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात.

दुसरा प्रतिसाद

मी कुडाळचा असल्याने कोकणाची बाजू घेणे मला भाग आहे, तरीही नाताळात जाताना कोकणातून जाऊ नये असेच सांगेन. अडचण कोकणाची नाही, गोव्याची आहे. म्हापसा ते पर्वरी हा टप्पा एरवीही तुंबतो, आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात तेथे किती वेळ जाईल याचा अंदाज स्थानिक माणूसही देणार नाही. रविवारी दुपारी पोहोचायचेच असेल, तर हा धोका कशासाठी पत्करायचा?

परतताना मात्र कोकणातून या आणि गणपतीपुळ्याला किंवा कुडाळ-सावंतवाडीकडे मुक्काम करा. तेव्हा उशीर झाला तरी अभिषेक चुकणार नाही. गोव्यातली गर्दी टाळण्यासाठी मडगावहून बोरी, फोंडा, डिचोली, दोडामार्ग आणि बांदा असा आतला रस्ता आहे. रस्ता अरुंद आहे, पण चालता राहतो. काणकोण आणि मडगाव यांच्यामध्ये करमल घाट लागतो, त्याची वळणे मुलाला नक्की त्रास देतील. घाटाच्या अर्धा तास आधी औषध द्या आणि त्याला पुढच्या आसनावर बसवू नका, मधल्या रांगेत खिडकीशी बसवा.

तिसरा प्रतिसाद

कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली होती. गाडी रेल्वेवर आणि आपण डब्यात, ही कल्पना उत्तम आहे. परंतु एका मोटारीमागे तीनच प्रवासी घेत असत, त्यामुळे तुम्ही सहा जण असाल तर उरलेल्या तिघांचे काय, हा प्रश्न राहतोच.

चौथा प्रतिसाद

मी मूळची कारवारची, सध्या बोरिवलीला राहते. रस्त्याबद्दल वर सर्व आलेच आहे, म्हणून शिरूरपासून सुरुवात करते. ती दरड ऐन पावसाळ्यात, मुसळधार पावसात कोसळली होती. डिसेंबरमध्ये त्या पट्ट्यातून रोज वाहतूक चालते आणि आम्हीही जातो. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला, तेव्हापासून दोन्ही बाजूंची वाहने शेजारच्या नव्या पुलावरून जातात. परतताना तेथे थोडा वेळ हाताशी ठेवा. घाटावरून जाताना तुम्ही थेट अंकोल्यालाच उतरणार असल्याने हा पूल वाटेत येत नाही.

आता जे कोणी विचारले नाही, पण तुमच्या घरासाठी रस्त्याहून महत्त्वाचे आहे, ते सांगते. गोकर्णाच्या महाबळेश्वर मंदिरात पुरुषांना उघड्या अंगाने, धोतर किंवा पंचा नेसूनच आत जावे लागते. सासऱ्यांना त्याची अडचण नसावी, पण यजमानांसाठी पंचा घरूनच घ्या. आत्मलिंग, म्हणजे तेथले मूळ शिवलिंग, जमिनीलगत पीठाच्या आत आहे, मधल्या छिद्रातून त्याच्या वरच्या भागाला बोटांनी स्पर्श करतात. म्हणजे खाली बसावे किंवा बरेच वाकावे लागते. गुडघे बदललेल्या माणसाला हे जमत नाही, आणि गर्दीत मागून रेटा असतो. माझ्या आईच्या वेळी आम्ही उपाध्यायांना आधीच कल्पना दिली होती, तिने बाजूला उभे राहून दर्शन घेतले आणि संकल्प वडिलांकडून करवून घेतला. तुम्हीही अभिषेक ठरवतानाच हे बोलून ठेवा. दुपारी दर्शन काही तास बंद असते, म्हणून रविवारी दुपारी पोहोचल्याबरोबर दर्शनाची घाई करू नका.

रीत अशी की आधी महागणपतीचे दर्शन घ्यावे, मग महाबळेश्वराचे. रावण कैलासाहून आणत असलेले लिंग बटूचे रूप घेतलेल्या गणपतीने येथेच भूमीवर ठेवले, म्हणून पहिला मान त्याचा. दोन्ही मंदिरे अगदी शेजारी आहेत. देवळाकडे जाणारी रथाची गल्ली मात्र अरुंद आहे आणि गाडी बाहेर लावावी लागते. तेथून सासूबाईंसाठी रिक्षा करा.

राहण्याबाबत माझे मत अनेकांना पटत नाही. नाताळात ओम आणि कुडले या किनाऱ्यांवर बेंगळुरूकडची तरुण मंडळी एवढी येतात की गोकर्णात खोलीचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि रात्री शांतता मिळत नाही. पूर्वी लोक उपाध्यायांच्या घरीच उतरत आणि तेथे जेवणही होत असे. अजूनही तशी घरे आहेत, पण जिने उंच आणि कमोड असेलच असे नाही. तुम्ही अंकोला किंवा कुमटा येथे रहा. दोन्हीकडून गोकर्ण पाऊण तासाच्या आत येते, आणि कुमट्याला राहिलात तर इडगुंजी व मुर्डेश्वर त्याच दिशेला पडतात. मुर्डेश्वराच्या वीस मजली गोपुरात वर जायला लिफ्ट आहे, म्हणजे तेवढे तरी सासूबाईंना मुलांबरोबर पाहता येईल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. लिंगाला स्पर्श करण्यासाठी खाली वाकावे लागते ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, आणि आज संध्याकाळी सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या की मग त्या लांबूनच हात जोडतील, पण महागणपतीचे दर्शन मात्र जवळून हवे. यजमानांनीही प्रतिसाद वाचून जाताना घाटावरून जाण्यास मान्यता दिली आहे, या अटीवर की परतताना एक रात्र गणपतीपुळ्याला राहायचे. मुक्काम बेळगावला आणि नंतर कुमट्याला असे ठरवत आहोत.

कारवारच्या ताईंना एक शंका विचारते. कुमट्यातील हॉटेलांना दूरध्वनी केला असता तळमजल्यावरच्या खोलीबद्दल नीट उत्तर मिळत नाही. भाषेचीही थोडी अडचण होते. तेथे उद्वाहन (लिफ्ट) असलेली किंवा तळमजल्यावर खोली देणारी, कोकणी अथवा मराठी समजणारी एखादी जागा आपल्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. सोमवारी अभिषेकाला पहाटे निघायचे असल्याने तेथून लवकर चहा मिळेल का, एवढेही कळले तर बरे होईल.